मेल्यावरचं आडनाव

लियाव बुनस्यांग चाळिशीला आला, तरी त्याचा आवाज चढलेला मलेशियातल्या परित जांबू गावात कुणी ऐकला नव्हता. सोया सॉसच्या धंद्यात ओरडून काही लवकर होत नाही, असं त्याचा बाप म्हणायचा. सोयाबीन उकडायचं, त्यावर बुरशी धरू द्यायची, मिठाच्या पाण्यात घालून रांजण अंगणात ठेवायचे आणि मग सहा महिने ऊन आपलं काम करतं. माणसाने फक्त पाऊस आला की झाकणं लावायची आणि ऊन पडलं की काढायची. अशा कामात माणूस शांत होतो, नाहीतर धंदा सोडतो. बुनस्यांग शांत झाला होता.

म्हणून बुधवारी सकाळी, घरात बापाची शवपेटी ठेवलेली असताना, हाच माणूस दारात उभा राहून गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, तेव्हा समोरच्या शेवयांच्या गाडीवर जेवणाऱ्यांचे घास हातातच राहिले.

शवपेट्यांच्या दुकानातला आ-बेंग स्टुलावर चढून दाराच्या दोन बाजूंना दोन पांढरे कंदील लटकवत होता. मयताच्या दारावर असे कंदील लागतात. एका बाजूला आडनाव, दुसऱ्या बाजूला वय, आणि वयात तीन वर्षं वरची घालायची, म्हणजे एक्याऐंशीचे चौऱ्याऐंशी. वय बरोबर होतं. आडनावाच्या जागी निळ्या शाईत हातभर उंचीचं अक्षर होतं, आणि ते लियाव नव्हतं.

"हे काय आहे?" बुनस्यांगने विचारलं.

"कंदील," आ-बेंग म्हणाला.

"ते दिसतंय मला. वर काय लिहिलंय?"

"तिओ."

"आमचं आडनाव काय?"

आ-बेंगने भिंतीकडे पाहिलं. तिथे रिकाम्या बाटल्यांची रास होती आणि प्रत्येक बाटलीवर लाल कागदात 'लियाव यांचा सोया सॉस' असं छापलेलं होतं. "लियाव," तो पडेल आवाजात म्हणाला.

"मग आमच्या घरात तिओ कोण मेला?"

"अरे बाबा, मला कशाला विचारतोस? तुझ्या तिसऱ्या काकांनी मुआर शहरातून करून आणलेत. मी फक्त टांगतोय."

तिओ हे आडनाव काही दुर्मीळ नाही. परित जांबूमध्ये डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो एखाद्या तिओलाच लागेल. खिळे-पत्र्यांचा दुकानदार तिओ, शाळेचे हेडमास्तर तिओ, निम्म्या होड्या तिओंच्या. लियावांचं मात्र हे एकच घर. एवढ्या वेळात कुणीतरी सायकलवरून जाताना कंदील पाहिला होता, खिळ्यांच्या दुकानात जाऊन 'तुमच्याकडचं कोण गेलं?' असं विचारलं होतं, आणि एकोणऐंशी वर्षांचे तिओ शेठ गंजीफ्रॉकवरच बाहेर येऊन 'मी अजून आहे' असं लोकांना सांगत होते.

ती बातमी बुनस्यांगच्या कानावर आली आणि त्याचा तोल सुटला. तो ओरडला, स्टूल ओढलं, कंदील खाली उतरवला आणि अंगणात फेकला. कागद टर्रकन फाटला. मग त्याने पाट्या रंगवणाऱ्याला बोलावून दुसरा कंदील करून घेतला, आणि दुपारी बारापर्यंत दारावर ठसठशीत 'लियाव' लागलं. त्याला बरं वाटलं. बापासाठी आपण काहीतरी नीट केलं, असं दोन दिवसांत पहिल्यांदाच वाटलं.

तिसरे काका, म्हणजे बापाचा धाकटा भाऊ लियाव चिनथो, सकाळपासून डोंगरावर कबरीची जागा बघायला गेले होते. पंचाहत्तर वर्षांचा काटक म्हातारा. दिशा बघणाऱ्या पंडिताशी दोन तास वाद घालून, त्याला हरवून, ते एक वाजता परत आले. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा किमसेंग छत्री धरून चालत होता. काका दाराशी आले, वर पाहिलं आणि तिथेच खाली बसले.

"कुणी केलं हे?"

"मी," बुनस्यांग म्हणाला. "मुआरच्या लोकांनी चूक केली होती, काका. तिओ लिहून दिलं होतं."

"चूक?" काकांचा आवाज आधी बारीक होता, मग वाढत गेला. "गाढवा! माझ्या भावाला वर कुठे उभा करणार आहेस तू? पूर्वज दारात घेतील का त्याला? लियाव म्हणून गेला तर म्हणतील, हा तर अजून जिवंत आहे, जा परत!"

आत गुडघ्यांवर बसून मयतासाठी जाळायचे सोनेरी कागद दुमडणाऱ्या बायकांचे हात थांबले. बुनस्यांगची बायको ग्योकलान उठून उंबऱ्यापाशी आली.

"काका, त्यांच्या ओळखपत्रावर लियाव आहे," बुनस्यांग म्हणाला. त्याला खरंच काही कळेना. "माझ्या आहे. तुमच्या आहे."

"ओळखपत्र वर घेऊन जाणार आहे का तो?" काका म्हणाले. मग एकदम थांबले. त्यांनी पुतण्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "दादाने तुला सांगितलं नाही?"

"काय?"

किमसेंगने छत्री मिटली. त्याच्या चेहऱ्यावरून बुनस्यांगला कळलं की जे काही आहे, ते त्याला ठाऊक आहे. बँकेत कारकुनी करणाऱ्या, स्वतःच्या बायकोचा वाढदिवसही विसरणाऱ्या किमसेंगला ठाऊक आहे.

मग काकांनी दारातच सगळ्यांसमोर सांगितलं. शेकडो वर्षांपूर्वी, चीनमधल्या त्यांच्या मुलखात, तिओ घराण्यातला एक माणूस लियावांच्या घरी घरजावई म्हणून आला. सासऱ्याला एकच मुलगी. त्याने जावयाला पोटच्या पोरासारखं वागवलं, जमीन दिली, घर दिलं. जावयाने मरताना आपल्या मुलाला सांगितलं: जिवंत असेपर्यंत लियाव राहा, आजोबांचं नाव चालव, त्यांचे उपकार विसरू नकोस, पण मेल्यावर माझ्याकडे ये, तिओ होऊन ये. तेव्हापासून या कुळातला माणूस जगतो लियाव म्हणून, आणि मेला की कंदिलावर, कबरीच्या दगडावर, पूर्वजांच्या पाटीवर तिओ होतो.

"आमच्या बापाने आम्हा भावांना सांगितलं," काका म्हणाले. "मी याला सांगितलं, हा दहा वर्षांचा होता तेव्हा. ही काय लपवायची गोष्ट आहे? प्रत्येक बाप सांगतो." आणि मग जे बोलायला नको होतं तेही ते बोलले. "दादाने तुला सांगितलं नाही, म्हणजे सांगायचं नसेल. रक्ताच्या माणसाला सांगतात या गोष्टी."

बुनस्यांग दत्तक होता हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते कधीच बाजूला ठेवलं होतं. काकांनी ते उचलून पुन्हा उंबऱ्यावर आणून ठेवलं.

"शुक्रवारी उदाचं पात्र किमसेंग धरेल," काका उठत म्हणाले. "ज्याला आपण कोण आहोत हेच माहीत नाही, तो बापाला वाट काय दाखवणार?"

"बाबा, मला नको," किमसेंग म्हणाला.

"तुला विचारलंय कुणी?"

शवयात्रेच्या पुढे उदाचं पात्र धरून चालतो तो मुलगा. बाकी सगळे नातेवाईक. एवढं लहान पोरालाही कळतं तिथे. बुनस्यांगला उत्तर द्यायचं होतं. सकाळी जो आवाज चढला होता तो कुठे गेला कुणास ठाऊक. तो मुकाट्याने मागच्या अंगणात गेला.

ऊन चांगलं पडलं होतं आणि रांजणांवर झाकणं तशीच. दोन दिवस कुणी पाहिलं नव्हतं. गोणपाटाच्या सुतकी कपड्यांत तो एकेक झाकण काढू लागला. चाळीस रांजण. कुठला कधी भरला, कुठल्याला तडा गेल्यावर कशाने सांधला, कुठल्या कोपऱ्यात संध्याकाळपर्यंत ऊन राहतं, सगळं बापाने शिकवलं होतं. नाकाने ओळखायला शिकवलं होतं. दाढी कशी करायची, बायकोशी भांडण झालं की आधी कुणी बोलायचं, हेही सांगितलं होतं. एवढं सांगणाऱ्या माणसाने हे एकच मागे ठेवलं. छत्तीस वर्षं एका घरात राहून, एका ताटातला मासा खाऊन, बापाने शेवटी त्याला परका ठरवलं होतं, असंच त्याला वाटत राहिलं. विसाव्या रांजणापाशी तो खाली बसला.

आई काठी टेकत आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, दोन दिवस काही खाल्लेलं नाही. एक रिकामा रांजण पालथा होता, त्यावर ती बसली.

"रडतोयस?"

"नाही."

"मग रड. बाप गेलाय तुझा."

"बाप होते का ते माझे?" तो म्हणाला. "की मी कामाला ठेवलेला माणूस होतो?"

आईने काठी उचलली आणि त्याच्या पायावर हाणली. फार जोरात नाही, पण चांगली लागेल अशी. "पुन्हा बोलशील? त्या थोबाडाने पुन्हा बोलशील?"

"मग मला का नाही सांगितलं? किमसेंगला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. मी आज गावापुढे माकड झालो."

आईने रांजणांकडे पाहिलं. "तुला आणलं तो दिवस आठवतो का तुला?" तिने विचारलं.

"नाही. चार वर्षांचा होतो मी."

"मला आठवतो. जेट्टीजवळ तान म्हणून कुटुंब होतं, सात पोरं, आणि तू सहावा. तुझं नाव तेव्हा तान कोकवी होतं. तुझी आई तुला सोडून गेली आणि तू पडवीच्या खांबाला मिठी मारून बसलास. दिवसभर. मी बुनस्यांग म्हणून हाक मारली की म्हणायचास, मी तो नाही. मी कोकवी. रात्री झोपेतही तेच. मी तर ह्यांना म्हणाले, परत देऊन या, पोरगं झुरून जाईल."

बुनस्यांगने मान वर केली. हे नाव त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. ऐकून काहीच वाटलं नाही, आणि काहीच वाटू नये याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

"मग हे खाली बसले, तुझ्यासमोर, जमिनीवर. मोठ्या माणसाशी बोलावं तसं तुझ्याशी बोलले. म्हणाले, बघ, तुझं नाव एकदा बदललं, ते आम्ही बदललं, त्याबद्दल माझ्यावर राग धर. पण हे शेवटचं. यापुढे तुझं नाव कुणीही बदलणार नाही. मी शब्द देतो. तू म्हणालास, कधीच नाही? हे म्हणाले, कधीच नाही. तू म्हणालास, मी म्हातारा झालो तरी? हे म्हणाले, तू मेलास तरी नाही."

आई थांबली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं.

"बोलून गेले रे. शब्द तोंडातून गेला आणि मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच त्यांना कळलं काय बोललो ते. पण तू खांब सोडला होतास."

बुनस्यांगने वळून पडवीकडे पाहिलं.

"तू दहाचा झालास तेव्हा तिसऱ्याने विचारलं, सांगितलंस का? हे म्हणाले, पुढच्या वर्षी. एकविसाचा झालास. तुझं लग्न झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी तुझ्या खोलीत आले होते, आठवतं?"

आठवत होतं. बाप आला होता, खुर्चीवर बसला होता, उद्या पाऊस पडेल का म्हणाला होता आणि अर्ध्या तासाने उठून गेला होता.

"बाहेर आल्यावर मला म्हणाले, नाही जमलं. म्हटलं, अहो, आता तो घोडा झालाय, त्याला काय आठवतंय ते? तर म्हणाले, त्याला नसेल आठवत, मला आठवतंय ना. शब्द मी दिलाय. तुमच्या घरातले पुरुष असेच. मुसळासारखे सरळ आणि मुसळाएवढीच अक्कल." तिने बाहीने डोळे पुसले. "मलाही सांगू देईनात. मीही म्हटलं, जाऊ दे, वेळ आली की बघू. वेळ आली ती अशी."

बुनस्यांग उठला. उरलेल्या वीस रांजणांची झाकणं त्याने काढली, कारण ऊन जात होतं. मग फेकलेला कंदील उचलून त्याने भाताच्या पेजेने फाटलेला कागद सांधला. अक्षराच्या मधून एक आडवी रेघ राहिली, ती काही जाईना. स्टूल घेऊन तो स्वतः वर चढला, लियावचा कंदील काढला आणि तिओचा लावला. काका आतून पाहत होते. त्याने त्यांच्यासमोर गुडघे टेकले आणि "चुकलो" एवढंच म्हणाला. काका "हं" म्हणाले. उदाच्या पात्राबद्दल दोघांपैकी कुणीही काही बोललं नाही, आणि काका एकदा बोललेलं मागे घेणारे नव्हते.

शुक्रवारी सकाळी आठला पेटीचं झाकण लागायचं होतं. गुरुजी घंटा घेऊन उभे होते. पात्र किमसेंगच्या हातात होतं, आणि चोरीचा माल हातात असावा तसं त्याने ते धरलं होतं. तिओ शेठही आले होते. आता बातमी गावभर झाली होती आणि मयताला आपल्या आडनावाचा समजून ते पहिल्या रांगेत बसले होते.

"झाकण लावायच्या आधी घरच्यांनी काय बोलायचं ते बोलून घ्या," गुरुजी म्हणाले.

आई बोलली, हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं. मग काका बोलले. मग बुनस्यांग पुढे झाला. बापाच्या अंगावर निळा रेशमी कोट होता. जिवंतपणी त्याने असलं काही कधी घातलं नसतं. बुनस्यांगने पेटीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि बोलायला लागला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाबा, आईने सांगितलं मला. तुम्ही चार वर्षांच्या पोराला शब्द दिला होता. तो पोरगा आता चाळीस वर्षांचा आहे. त्याच्या वतीने मी सांगतो, शब्द पुरा झाला. तुम्ही तो छत्तीस वर्षं पाळलात, आता सोडा. माझं नाव आणखी एकदा बदलू द्या. मी मेलो की माझ्या दगडावर तिओ लिहायला मी माझ्या पोरांना सांगून ठेवतो, आजच सांगतो. तुम्ही एका आडनावाने आणि मी दुसऱ्या, असं तिकडे नको. मला तुमच्याजवळ यायचंय."

तो मागे सरला. ग्योकलानने तोंडात रुमाल कोंबला होता. काका जमिनीकडे पाहत होते.

किमसेंग दोन पावलं पुढे आला. "दादा, हे घे," तो म्हणाला. "माझे हात भाजतायत."

पात्र काही इतकं तापलेलं नव्हतं. बुनस्यांगने ते घेतलं नाही. त्याने काकांकडे पाहिलं. किमसेंगनेही काकांकडे पाहिलं. आ-बेंग हातोडी घेऊन उभा होता, तोही काकांकडे पाहत राहिला.

"आमचा मूळ पुरुष घरजावई होता," काका शेवटी म्हणाले. ते कुणाशी बोलत होते ते कळलं नाही. "त्या घरात त्याचं तरी रक्ताचं कोण होतं?" मग ते खेकसले, "घे ना! माझ्या तोंडाकडे काय बघतोस? राख सांडेल."

बुनस्यांगने पात्र दोन्ही हातांत घेतलं. काकांनी गुरुजींच्या हातातला, मयताचं आणि त्याच्या मुलाचं नाव लिहिलेला पिवळा कागद घेतला, खिशातून पेन काढून एका नावावर काट मारली, दुसरं लिहिलं आणि कागद परत दिला. "वाचा," ते म्हणाले.

झाकण बसलं. गुरुजींनी घंटा वाजवली आणि खड्या आवाजात वाचलं, "परलोकीच्या द्वारपालांनो, ऐका! मयत, तिओ चिनहोक, वय वर्षं चौऱ्याऐंशी, घरी निघाले आहेत. पुढे त्यांचा मुलगा, लियाव बुनस्यांग. मुलगा हजर आहे का?"

हे प्रत्येक मयताला विचारतात आणि मुलाने ओ द्यायची असते. बहुतेक जण मान खाली घालून पुटपुटतात. बुनस्यांगने अशी ओ दिली की समोर शेवयांच्या गाडीवर बसलेली माणसंही उठून उभी राहिली.